उजव्या गुडघ्यावरचा पट्टा

डोक्याचं ऑपरेशन झालेल्या माणसानं काही लिहिलं तर ते कितपत खरं धरावं, असा प्रश्न तुमच्या मनात येणार. येऊ द्या. माझ्या मनात तर रोज येतो. म्हणून मी लिहिलेलं प्रत्येक पान मनीषा, म्हणजे माझी बायको, वाचून बघते. जिथं मी स्वतःची बाजू सावरून घेतलीय तिथं ती पेन्सिलीनं रेघ मारते. पहिल्या चार पानांवर इतक्या रेघा पडल्या की मी ती चिडून फाडून टाकली. ही दुसऱ्यांदा लिहिलेली आहेत.

डोक्याला मार लागलाय आणि "काही नाही, जरा ठणकतंय" म्हणत जे फिरतायत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. त्यांच्या घरच्यांसाठी जास्त, कारण फिरणारा हे वाचणार नाही. मी वाचलं नसतं.

विश्वास न ठेवण्याचं काम

मी कबड्डीचा बचावपटू, उजवा कॉर्नर, म्हणजे उजव्या टोकाला उभा राहून पकडी करणारा. श्रीरामपूरजवळच्या बेलापूरचा. सुरुवात गावच्या मंडळाकडून मातीत, मग साखर कारखान्याचा संघ, मग पुण्यातली एक कंपनी, आणि शेवटचे दोन हंगाम टीव्हीवर दिसणाऱ्या लीगमध्ये मॅटवर. चढाई करणाऱ्याच्या नावानं पोरं ओरडतात, पकडणाऱ्याचं नाव त्याच्या आईला तेवढं पाठ असतं. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. खरं तर वाटायचं, पण ते जाऊ द्या.

कॉर्नरला उभं राहायचं म्हणजे समोरच्यावर काडीचाही विश्वास ठेवायचा नाही. चढाईवाला मधली रेषा ओलांडतो तो थापा मारतच. डोळे एकीकडं, खांदा दुसरीकडं, हात तिसरीकडं. त्याच्या तोंडाकडं बघायचं नाही, कमरेकडं बघायचं, कारण कंबर सहसा खोटं बोलत नाही. नऊ वर्षं मी हेच केलं आणि त्यावर घर चाललं. मग घरातल्या माणसांच्याही कमरेकडं बघायची सवय लागली.

चढाईवालाही आपल्याला जोखत असतो. कुणाचा खांदा उतरलाय, कोण लंगडतोय, कोण दमलाय. समोरच्या संघाची माणसं आमच्या सरावाचे मोबाईलवर व्हिडिओ काढून नेतात. म्हणून आमच्या मंडळात जुन्या खेळाडूंनी घालून दिलेली एक रीत होती. दुखऱ्या गुडघ्याला पट्टा बांधायचा नाही, चांगल्या गुडघ्याला बांधायचा. चढाईवाला पट्टा बघून त्या पायावर येतो आणि आयता सापडतो. मी अशा कितीतरी पकडी केल्यात. समोरचा फसला की जी मजा येते ना, ती मजा सांगून कळायची नाही.

संगमनेरचं मैदान

संगमनेरला एक स्पर्धा होती. लीगचा हंगाम संपलेला, पुढच्या हंगामाची ट्रायल अडीच महिन्यांवर. संघाच्या मॅनेजरसाहेबांनी फोनवर सांगितलं होतं, "तुझी जागा पक्की समज, ट्रायल फक्त नावाला." मी तीस पार केलेला. कॉर्नरच्या खेळाडूला तिशीनंतर असा शब्द कोण देतो? मी तो फोन घरात सगळ्यांना स्पीकरवर ऐकवला होता. त्यामुळे संगमनेरला नुसतं पाय मोकळे करायला खेळत होतो.

माझ्या शेजारी नवनाथ उभा असायचा. माझा चुलतभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी लहान. आम्ही दोघं साखळीत, त्याच्या उजव्या हातात माझा डावा हात. चढाईवाल्यानं बोनसचा गुण मारायला रेषेपलीकडं पाय टाकला, मी दोन्ही हातांनी घोटा धरला, आणि तो पडता पडता फिरला. त्याचा गुडघा माझ्या उजव्या कानशिलावर बसला. डोळ्यांपुढं काळोख आला, कानात शिट्टी वाजली, पण मी घोटा सोडला नाही. गुण मिळाला. नवनाथनं मला उठवलं तेव्हा मी विचारलं, "बाद झाला ना?" तो म्हणाला, "व्हय दादा, पन तू बाहेर बस जरा." मी बसलो नाही.

त्या दिवशी बाहेर बसलो असतो तर काय झालं असतं, हे मला कुणीच नीट सांगत नाही. पुढं ज्यांच्याकडं गेलो त्या नगरच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, सांगता येत नाही. नवनाथ विषय बदलतो.

चप्पल

पंधरा-वीस दिवस काही नाही. मग डोकं दुखायला लागलं. सकाळी जास्त, वाकलं की जास्त. गोळी घ्यायची आणि सरावाला जायचं.

मग डाव्या पायातली चप्पल सुटायला लागली. चालता चालता चार पावलं मागं राहायची. मला वाटलं, चप्पल ढिली झालीय. नवी घेतली. तीही सुटली. दुकानदारानं मोठं माप देऊन फसवलं म्हणून मी त्याच्याशी भांडून आलो. शर्टाची बटणं लागेनात तेव्हा मनीषानं शर्ट बदलला असा माझा समज झाला. ती घरी शिवणकाम करते, काजं लहान-मोठी करणं तिच्या हातातलं. मी तिला विचारलं, "माझ्या शर्टाची काजं कुनी बारीक केली?"

ती शिलाई मशीन थांबवून माझ्याकडं बघतच राहिली. "काजं बारीक होत्यात व्हय कधी? द्या इकडं, मी लावते."

"नको. माझं मी लावीन."

माझ्या आईचा संशय निराळाच. माझ्या चुलतीनं, म्हणजे नवनाथच्या आईनं, त्यांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीच्या जेवणात काहीतरी खाऊ घातलं असं तिचं मत. रोज दुपारी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची आणि ठसका लागला नाही की मान हलवायची. "बघ, वासच येईना. लई जबर हाय." मी हसायचो. पण मनात यायचं, ह्या बाईला काहीतरी माहीत असणार. संशय आमच्या घरात माझ्यापासून सुरू झाला नाही, एवढंच सांगायचंय.

मग एके दिवशी सरावात नवनाथ थांबला. सगळ्यांसमोर नाही, बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, तुझा पंजा सुटतोय."

"कसला पंजा?"

"डावा. मी धरलाय म्हनून हाय. तू धरतच न्हाईस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ट्रायल महिन्यावर, आणि हा माझ्या हातातली ताकद मोजतोय! त्यालाही लीगमध्ये जायचं होतं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी म्हणालो, "तुला कॉर्नर पाहिजेल तर तसं सांग. उगं माझ्या हाताला नावं ठेवू नगो."

दुसऱ्या दिवशी मी सरावाला आलो तो उजव्या गुडघ्याला पट्टा बांधून. कमी पडत होता डावा पाय. पण मी बांधला उजव्याला. बघू दे म्हटलं कोण कोण बघतंय ते.

गुडघा उत्तम आहे

आता हसू नका. किंवा हसा, मनीषा म्हणते हसू द्या लोकांना.

लंगडणं लपेना तेव्हा आईनं रडारड केली आणि नवनाथ मला मोटरसायकलवर श्रीरामपूरला एका हाडांच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. खोलीत आम्ही तिघं. डॉक्टर पट्ट्याकडं बघून म्हणाले, "उजवा गुडघा का?"

नवनाथ शेजारी बसलेला. मी कॉर्नर, तो माझ्या जागेवर टपलेला, आणि त्याच्यासमोर मी खरा पाय सांगू? मी म्हणालो, "व्हय. उजवा."

डॉक्टरांनी उजवा गुडघा दाबला, वळवला, फोटो काढला. फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "गुडघा उत्तम आहे. असा गुडघा असलेला माणूस लंगडतो कसा, हेच कळत नाही."

मी मनातल्या मनात खूश. डॉक्टरलाही कळलं नाही म्हणजे कुणालाच कळणार नाही. आठ दिवसांच्या गोळ्या घेऊन घरी आलो. नवनाथ वाटेत एकदाच म्हणाला, "दादा, तू डाव्यानं लंगडतोस." मी म्हणालो, "तू गाडी बघून चालव."

ह्या हुशारीत माझे तीन आठवडे गेले. तीन आठवडे माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते पुढं कळलं तेव्हा मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

मोबाईल

हा भाग मी गाळला होता. मनीषानं रेघ मारली नाही, पानावर नुसतं लिहिलं, "लिहा."

दुपारची वेळ. मी ओसरीवरून मोरीकडं चाललो होतो, भिंतीला हात लावत. सहज मागं बघितलं तर मनीषा दाराआडून मोबाईल धरून उभी. माझा व्हिडिओ काढत होती. माझ्या चालण्याचा!

मी ओरडलो, "कुनाला पाठवतीस? मॅनेजरला? का नवनाथला?"

"नगरला एक डॉक्टर हायेत. गावातल्या शाळेच्या बाईंनी नंबर दिलाय. त्यांना दाखवायचाय."

"खोटं. तू आन नवनाथ मिळून..."

आणि मग मी जे बोललो ते नवऱ्यानं बायकोला बोलू नये असं होतं. तिच्या आणि नवनाथच्या नात्याबद्दल बोललो. आई तिथंच होती, तिनं पदर तोंडाला लावला. शेजारच्या बायका कुंपणापाशी आल्या. मी मोबाईल हिसकावायला डावा हात पुढं केला, मोबाईल माझ्या हातात आला आणि बोटांतून सरळ खाली पडला. मी धरायचा प्रयत्न केला, पण बोटं मिटलीच नाहीत.

सगळे माझ्या हाताकडं बघत होते. मीही बघत होतो.

मनीषा रडली नाही. खाली वाकून मोबाईल उचलला, काचेला तडा गेला होता तो पदरानं पुसला आणि म्हणाली, "जे बोललात त्याचं नंतर बघू. उद्या सकाळच्या बसनं नगर. तुमी आला न्हाईत तर मी हा व्हिडिओ घेऊन एकटी जाते."

मी गेलो. तिच्यावर विश्वास ठेवून नाही. ती तिथं एकटी जाऊन काय सांगेल, याच्यावर नजर ठेवायला गेलो.

नगरला

डॉक्टर म्हणजे एक बाई निघाल्या, साधारण माझ्या मोठ्या बहिणीच्या वयाच्या. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं नाही, तडा गेलेल्या काचेवरचा व्हिडिओ दोनदा बघितला. मग पट्ट्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "हा काढा."

"असू द्या ना."

"तुम्ही डाव्या पायानं लंगडता आणि पट्टा उजव्याला. हा कशासाठी?"

मी मनीषाकडं बघितलं. नवनाथ नव्हता, मॅनेजर नव्हता, चढाईवाला नव्हता. तरी मी पट्ट्यावर हात ठेवून बसलो. शेवटी सांगितलं, आमच्यात असं करतात म्हणून. बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही मला फसवायला आलात?" मी म्हणालो, "तुमाला न्हाई. सगळ्यांनाच."

त्यांनी दोन्ही हात पुढं करायला सांगितले, तळवे वर, डोळे मिटून. मला वाटलं, यात काहीतरी डाव आहे. मी बारीक डोळा उघडा ठेवला. म्हणून मी ते स्वतः बघितलं. माझा डावा हात हळूहळू खाली चालला होता, तळवा आत वळत होता, आणि मी त्याला सांगितलंच नव्हतं. आयुष्यात कधी एवढा घाबरलो नाही.

डोक्याचा फोटो निघाला. कवटी आणि मेंदूच्या मध्ये, उजव्या बाजूला, रक्त साठून मेंदू दाबला गेला होता. संगमनेरच्या माराचं. हळूहळू इतके दिवस साठत होतं. बाई म्हणाल्या, भोक पाडून काढावं लागेल, आजच.

मी काय केलं असेल? फोटोवरचं नाव तपासलं. वय तपासलं. दुसऱ्या कुणाचा फोटो माझ्या नावावर लावला नसेल कशावरून? मी तसं तोंडावर विचारलं. भोक पाडायचे पैसे मिळतात, न पाडायचे मिळत नाहीत, हेही म्हणालो. मनीषा मेल्याहून मेल्यासारखी झाली.

बाई चिडल्या नाहीत. "संशय घ्या," म्हणाल्या. "फोटो घेऊन जा, शहरात दुसऱ्या कुणालाही दाखवा. फक्त लवकर घ्या. माझ्या मते तुमच्याकडं संध्याकाळपर्यंत वेळ आहे."

आम्ही रिक्षानं दुसरीकडं गेलो. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी फोटो बघितला आणि विचारलं, "तुम्ही इथं काय करताय? जा परत." रिक्षावाला अजून दारातच होता.

वार कोणता

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. जागा झालो तेव्हा डोक्याला नळी, उशी नाही, सपाट झोपवलेलं. पहिली गोष्ट केली ती डाव्या हाताची मूठ. ती मिटली. पूर्ण नाही, पण मिटली. मी तशीच मिटून ठेवली, कुणी बघू नये म्हणून.

दवाखान्याचा दिवस फार लांब असतो. पहाटे अंग पुसणं, मग गोळ्या, मग डॉक्टरांचा फेरा, मग भेटीची वेळ कधी होते याची वाट. नर्स दर काही तासांनी यायची आणि तेच विचारायची. नाव काय? कुठं आहात? आज वार कोणता? मला वाटायचं, मी चुकावं म्हणून विचारतात. मी शेजारच्या खाटेवरच्या पारनेरच्या आजोबांना आधीच वार विचारून ठेवायचो. एकदा त्यांनी चुकीचा सांगितला. नर्सनं धावत जाऊन डॉक्टरला बोलावलं, केवढा गोंधळ! आजोबा पांघरुणात तोंड घालून हसत होते. त्यांच्याही डोक्याचंच काहीतरी होतं. आजारपणात मी पहिल्यांदा हसलो तो तेव्हा, आणि हसल्यावर टाके असे ओढले की आई गं झालं.

वॉर्डात एक मावशी होत्या, झाडलोट करणाऱ्या. त्यांनी न विचारता माझ्या डाव्या हातात एक लिंबू ठेवलं. "दाबत राहा. रस निघाला की नवीन देते." तिसऱ्या दिवशी लिंबू फुटलं. मावशींनी ते साऱ्या वॉर्डाला दाखवलं. लीगमध्ये मला कधी एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या.

नवनाथ आला तेव्हा मी डोळे मिटून पडलो होतो. त्यानं खुर्ची ओढली आणि सवयीनं माझा डावा हात हातात घेतला. मला वाटलं, बघतोय, जागा रिकामी झाली का. मी डोळे न उघडता त्याचा हात जेवढा जमेल तेवढा आवळला. थोड्या वेळानं माझ्या मनगटावर पाणी पडलं तेव्हा डोळे उघडले, तर एवढा मोठा गडी नाक ओढत बसलेला.

"माफ कर," मी म्हणालो. "मी लई घान बोललो. तुज्याबद्दल. मनीषाबद्दल."

"मला ठावं हाय. चुलतीनं, तुज्या आईनं सांगितलं." मग म्हणाला, "दादा, मला राग आलाय. खरंच आलाय. पन आता तू पड."

त्याचा राग चार महिने टिकला. टिकायलाच हवा होता.

घरी सोडताना मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, बायकोवर, भावावर जो संशय घेतला तो त्या रक्तामुळं होता ना? त्या म्हणाल्या, "मेंदूवर दाब आला की माणूस असा होऊ शकतो. काही संशय त्या रक्ताचा असेल, काही तुमचा."

"किती कुनाचा?"

"ते फोटोत दिसत नाही."

मनीषा शेजारी उभी होती. तिनं पिशवी उचलली आणि पुढं चालायला लागली.

कागद

आता शेवटचं.

बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, कबड्डी बंद. डोक्याला पुन्हा असा मार लागला तर पुढची खात्री कुणी देणार नाही. मी मान हलवली आणि मनात म्हणालो, ह्या बाईला कबड्डीतलं काय कळतं. पुण्याला गेलो, तिथंही तेच. मला वाटलं, डॉक्टर डॉक्टरांना फोन करतात.

एकच माणूस मला आशा देत होता, मॅनेजरसाहेब. ट्रायल माझ्यावाचून होऊन गेली होती, पण त्यांनी फोनवर "फिट असल्याचा कागद आण, मग बघू" म्हणून सांगितलं होतं. मेसेजमध्ये वर केलेल्या अंगठ्याचं चित्रही पाठवलं होतं. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या ह्या गड्यानं त्या अंगठ्यावर मात्र डोळे झाकून विश्वास टाकला होता.

असा कागद देणारा एक डॉक्टर आहे असं एका जुन्या खेळाडूकडून कळलं. गाव सांगत नाही, जिल्ह्यातलंच. मनीषाला म्हणालो, जरा काम आहे. ती म्हणाली, "तुमाला बसमदी चक्कर येती. मी येते." कुठं चाललोय हे तिला माहीत होतं. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसली आणि पर्स मांडीवर धरून रस्त्याकडं बघत राहिली.

आत डॉक्टर मोबाईलवर बोलत होते. हातानंच बस म्हणाले. बोलता बोलता कागद ओढला. "नाव? वय? खेळ?" मी सांगत गेलो. त्यांनी लिहिलं, शिक्का मारला, कागद पुढं सरकवला. माझ्या डोक्यावरचे केस अजून नीट वाढले नव्हते, टाक्यांची खूण उघडी होती. त्यांनी मान वर केली नाही. हात पुढं करायला सांगितले नाहीत. वार विचारला नाही.

मला हवा होता तोच कागद माझ्या हातात होता आणि माझ्या अंगावर काटा आला. ज्या बाईनं मला खरं सांगितलं तिला मी चोर ठरवलं. ज्यानं हात दुबळा झालाय सांगितलं तो भाऊ वैरी. जिनं चालणं बघितलं ती बायको बदफैली. आणि हा माणूस, ज्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, त्याचा कागद खिशात घालून मी हे असं डोकं घेऊन मैदानात उतरणार होतो? आयुष्यभर संशय घेतला, पण योग्य माणसावर घेतलेला तो पहिलाच.

बाहेर आलो. मनीषानं विचारलं, "दिला?"

"दिला."

ती "बरं" म्हणाली आणि उठायला लागली. मी तिला बसवलं आणि तिच्यासमोरच मॅनेजरसाहेबांना फोन लावला. तिलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. म्हणालो, "साहेब, माझ्याच्यानं आता खेळनं होनार न्हाई. डोक्याचं हाय. माझी जागा दुसऱ्याला द्या."

साहेब म्हणाले, "कोण बोलतंय?"

मी नाव सांगितलं. "हां हां, तू होय. अरे, तुझी जागा तर ट्रायललाच भरली. तुला कुणी कळवलं नाही का? चल, काळजी घे." फोन बंद.

मनीषानं मॅनेजरसाहेबांना एक शिवी दिली. अशी शिवी तिच्या तोंडून मी लग्नापासून ऐकली नव्हती. पलीकडच्या बाकावरची म्हातारी चपापून बघायला लागली. ती शिवी मी इथं लिहिली होती, मनीषानं रेघ मारली.

मला हसू आलं आणि हसता हसताच रडू फुटलं. भर रस्त्यावर, लोक बघतायत, आणि मी लहान पोरासारखा हुंदके देत होतो. नऊ वर्षांत मी कुणालाच कुठं दुखतं ते सांगितलं नव्हतं. "मनीषा," मी म्हणालो, "मला आता दुसरं काय येतं गं? मला लई भीती वाटती."

तिनं माझ्या हातातला कागद घेतला, चार तुकडे केले आणि पर्समध्ये टाकले. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला पन वाटती."

"कवापासनं? दवाखान्यापासनं?"

"न्हाई," ती म्हणाली. "तुमची पहिली मॅच बघितली तवापासनं."